हरल्यावर लाडू समोरच्यांना

भाऊजी,

हंगाम संपायच्या आत गेलात, हे काही बरं केलं नाहीत. सामने बाकी होते, पोरी सरावाला उतरत होत्या आणि ओसाकाच्या तुमच्या घरात ओट्यावर कच्च्या शेंगदाण्यांची पिशवी तशीच पडून होती. शेखर आणि मी घर आवरायला आलो, तेव्हा तुमचा धाकटा भाऊ पुस्तकांच्या कपाटाकडे वळला आणि मी स्वयंपाकघराकडे. तो एकेक पुस्तक उघडून बघत बसला, त्यामुळे त्याचं काम काही पुढं सरकेना. मी ती पिशवी बघितली आणि तिथंच फरशीवर बसले. रडले असं म्हणत नाही, पण उठायला वेळ लागला.

शेंगदाणे कशासाठी आणले होतेत ते मला विचारायची गरज नव्हती. पिशवी मी उचलली. शेजारी ओकिनावाच्या काळ्या साखरेचा पुडा होता, तो मात्र तिथंच ठेवला. शेंगदाण्याच्या लाडवात आपला गूळच हवा आणि तो टोकियोत, एदोगावातल्या आमच्या भारतीय दुकानात छान मिळतो, हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आले. तुम्ही गेलात म्हणून काय मी लगेच मत बदलू?

तुम्हाला हॉकीचं ओ की ठो कळत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. इथल्या विद्यापीठांत प्रत्येक खेळाच्या क्लबला एक प्राध्यापक प्रमुख म्हणून लागतो. शिकवायला प्रशिक्षक वेगळा असतो. प्रमुखानं सह्या करायच्या, समारंभाला उभं राहायचं आणि वेळोवेळी कमरेत वाकायचं. मुलींच्या हॉकी क्लबचे जुने प्रमुख निवृत्त झाले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की रसायनशास्त्राचे करमरकर-सेन्सेई, म्हणजे करमरकर सर, भारतातले आहेत, म्हणजे हॉकी त्यांच्या रक्तातच असणार. अहो, तुम्ही पुण्यात गल्लीतलं क्रिकेटसुद्धा खेळला नव्हतात! जन्मभर बुद्धिबळ. पण नाही म्हटलं तर देशाची अब्रू जाईल असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही हो म्हणून बसलात. पुढं कितीतरी वर्षं ऑफसाइड कशाला म्हणतात ते तुम्ही पोरींना विचारत होतात. हॉकीत ऑफसाइड राहिलेलाच नाही, हे त्यांनी तुम्हाला भिडेपोटी सांगितलं नाही.

माझी आणि त्या मैदानाची गाठ पडली भूकंपाच्या वर्षी. आम्ही एदोगावात नवे होतो. हादरे थांबत नव्हते, दुकानात पाणी मिळत नव्हतं, पुण्याहून फोनवर फोन येत होते की बस्स झालं, परत या. शेखरला कामावरून हलता येईना. तेव्हा तुमचा फोन आला. ‘‘सुमेधा, बॅग भर आणि इकडं ये. तो यायचा तेव्हा येईल.’’ मी आले आणि तुमच्या टीव्हीसमोर ठाण मांडून बसले. भाषा कळत नव्हती, नुसते नकाशे आणि आकडे बघायचे आणि घाबरायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुम्ही टीव्ही बंद केलात. ‘‘पुरे आता. मैदानावर चल. पोरींना चेंडू आणून द्यायला माणूस हवंय.’’

मी चेंडू आणून दिले. आयुष्यातलं माझं पहिलं जपानी म्हणजे ‘चेंडू’, ‘पुढं पुढं’ आणि ‘पुन्हा एकदा’. नमस्कार-चमत्कार नंतर शिकले. त्या पोरींतल्या निम्म्याअधिक जणींनी विद्यापीठात येईपर्यंत काठी हातात धरलेली नव्हती, त्यामुळे आमचं सगळ्यांचं एकदमच शिकणं चाललं होतं. जमीन हलत नसलेल्या जागी उभं राहून घाम गाळायचा आणि संध्याकाळी तुमच्या हातची आमटी-भात खायचा. त्या आठवड्यांनी मला इथं टिकवलं, भाऊजी. हे मी तुम्हाला कधी तोंडावर बोलले नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नाही.

लाडवांचा नियम मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पोरी हरल्या होत्या, तोंडं एवढीएवढी झाली होती. तुम्ही पिशवीतून डबा काढलात, मला वाटलं आता त्यांना देणार. तर तुम्ही सरळ मैदान ओलांडून समोरच्या संघाकडे निघालात. मी मागून धावले. ‘‘अहो भाऊजी, हे काय? आपल्या पोरींचे लाडू!’’

‘‘हरल्यावर गोड घशाखाली उतरत नाही गं,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘जिंकलेल्यांना भूक लागलेली असते. जिंकलो तर आपल्यांना, हरलो तर समोरच्यांना. पुढच्या वर्षी पुन्हा यांच्याशीच खेळायचंय.’’

समोरच्या मुलींनी तो तपकिरी गोळा आधी हुंगून पाहिला. मग डबा रिकामा झाला. पुढंपुढं तर तुमचा संघ आला की समोरच्यांच्या नजरा आधी तुमच्या पिशवीकडे जायच्या. पश्चिमेकडच्या विद्यापीठांत तुमच्या लाडवांची कीर्ती तुमच्या संशोधनापेक्षा जास्त पसरली होती. हे मी तुम्हाला चिडवायला म्हणायचे आणि तुम्ही खूश व्हायचात.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

मी जपानी शिकले, इकडंतिकडं बाइतो म्हणजे अर्धवेळ कामं केली आणि शेवटी टोकियोतल्या एका कंपनीत चिकटले. कंपनी विद्यापीठांच्या सामन्यांचे प्रक्षेपणहक्क विकत घेते आणि फोनवर, टीव्हीवर सामने दाखवते. हॉकीचं काम माझ्याकडे आलं. कुणालाही न दिसणारा हा खेळ लोकांना दिसणार, म्हणून मी हरखून गेले होते. बेत मोठा होता. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची निवडक विद्यापीठं घेऊन एकच नवी लीग करायची, सगळे सामने थेट दाखवायचे. अट एकच. दरवर्षी हंगामाच्या शेवटी वरच्या गटातला तळाचा संघ आणि खालच्या गटातला पहिला संघ यांच्यात सामना होतो, त्याला इथं इरेकाएसेन म्हणतात. खालचा जिंकला तर तो वर येतो आणि वरचा खाली जातो. तो सामना करार संपेपर्यंत बंद करायचा. कंपनीला कोणते संघ दाखवायचे ते आधीपासून पक्कं हवं होतं. नावाजलेलं विद्यापीठ मधेच खाली घसरलं तर पाहणार कोण?

तुमच्या पोरी आदल्याच वर्षी तो सामना जिंकून वर आल्या होत्या. म्हणजे नव्या लीगमध्ये तुमची जागा पक्की. तुमच्या क्लबाला याहून चांगलं काय मिळणार होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

इथं बैठक निर्णय घ्यायला नसते, झालेल्या निर्णयावर माना डोलवायला असते. त्याआधी एकेकाच्या खोलीत जायचं, चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचं आणि मग हळूच विषय काढायचा. मी सगळ्या विद्यापीठांच्या प्रमुखांकडे जाऊन आले. फक्त तुमच्याकडे आले नाही. मला यायचं होतं. पण आमचे साहेब हाराडा-सान म्हणाले, ‘‘घरच्या माणसाकडे असं औपचारिक जाणं बरं दिसणार नाही. ते आपलेच आहेत.’’ आपण दीर-भावजय आहोत हे मी कंपनीला आधीच सांगितलेलं होतं, आणि त्यांना ती अडचण वाटण्याऐवजी सोयच वाटली. बैठकीआधी आपण फोनवर एवढंच बोललो की मी तुम्हाला ‘सेन्सेई’ म्हणायचं आणि तुम्ही मला ‘करमरकर-सान’. त्यावर हसलो आणि फोन ठेवला.

बैठकीत अध्यक्षांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, कुणाची हरकत नसेल तर. सगळ्यांनी कागदांकडे पाहिलं. आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखा हात वर केलात. ‘‘हरकत आहे.’’

हाराडा-सानांचं पेन थांबलं. भर बैठकीत हरकत घेतलेली त्या खोलीत बहुधा कुणी ऐकलेलीच नव्हती. तुमच्या त्या ओसाकाच्या ढंगाच्या जपानीत तुम्ही म्हणालात, ‘‘आम्ही परवा खालून खेळून वर आलो. आता आत आल्याआल्या दार लावून घ्यायचं? खाली जे राहिले त्यांच्या मुलींना मी काय सांगू? मला नाही जमायचं.’’ कुणीतरी फार नम्रपणे तुम्हाला आठवण करून दिली की यात सर्वांत जास्त फायदा तुमच्याच क्लबाचा आहे. तुम्ही म्हणालात, ‘‘तेच तर.’’

सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही इथली रीत. बेत ‘पुढच्या विचारासाठी’ ठेवला गेला, म्हणजे मेला. कंपनीनं मग फक्त वरच्या गटाचे थोडे सामने घेतले. काही प्रमुख तुमच्यावर नाराज झाले. आणि मी? माझ्या हातातलं सर्वांत मोठं काम माझ्याच दिरानं सगळ्यांसमोर पाडलं होतं.

तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आलात. मी तोंड फुगवून उभी. तुम्ही प्रवासासाठी डबा विकत घेऊन दिलात, त्यातली लोणची मला आवडत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं आणि ती तुम्ही आधीच काढून टाकलेली होती. तरी माझा राग काही उतरला नाही. मी म्हटलं, ‘‘खरं सांगा भाऊजी. तत्त्वबित्त्व काही नाही. सगळ्यांकडे गेले, तुमच्याकडे आले नाही, म्हणून रुसलात ना?’’

तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘‘गाडी आली बघ.’’

गाडी खरंच आली होती. पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा हा प्रश्न विचारला तेव्हा तुम्हाला काही ना काही सुचलंच. कधी कुकर झाला, कधी दारावर कुणी आलं. दिवाळीत ओट्याशी चकल्या पाडताना मी तुम्हाला कोंडीत पकडलं, तर तुम्ही माझ्या लेकीला हाक मारून बोर्ड मांडलात. ईराला बुद्धिबळ येतं ते माझ्या या प्रश्नामुळे.

पुढच्या वर्षी तुमच्या पोरी तळाला गेल्या. इरेकाएसेन झाली. तुम्हीच वाचवलेली. तीत त्या हरल्या आणि खाली आल्या. खालच्या गटाचे सामने कुणीच दाखवत नव्हतं. संघातली मिझुकी तेव्हा पहिल्या वर्षाला होती. तिची आजी जपानी समुद्राच्या काठच्या एका लहानशा गावात एकटी राहते. नातीचे सामने फोनवर बघणं हा तिचा सगळ्या आठवड्याचा आनंद होता, तो गेला. मी तुम्हाला फोन केला आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. ‘‘तत्त्व तुमचं आणि भोगायचं पोरींनी! त्या म्हातारीला काय सांगाल?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘हो. ते खरं आहे.’’

भांडणात माणूस इतक्या सरळ हो म्हणाला की पुढं बोलायचं काय? मी फोन ठेवला. पुढच्या रविवारपासून तुम्ही गोलमागच्या तुमच्या जागेवर तिवई लावून फोननं सामना टिपायला लागलात, आजीसाठी. अहो, काय तुमचं ते चित्रण! चेंडू डावीकडे, कॅमेरा उजवीकडे. अर्धा वेळ गवत, अर्धा वेळ आभाळ. गोल झाला की तुम्ही स्वतःच उडी मारायचात आणि मग काही क्षण नुसते तुमचे बूट. त्यावर तुमचं समालोचन, ‘‘आजी, आता मिझुकी धावतेय, नाही, ती दुसरी आहे, माफ करा.’’ आजी म्हणे ते समालोचन ऐकायलाच बसायची. प्रक्षेपणाच्या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण इतका निष्ठावान प्रेक्षक मला मिळाला नाही.

मी तुमच्यावर रागावले होते हे खरं. तुमचा अभिमानही वाटत होता, हेही खरं. पहिलं तुम्हाला दहादा ऐकवलं, दुसरं एकदाही नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या निरोपाला पोरी क्लबच्या कोटात आल्या. ज्यांच्याशी हरून त्या खाली आल्या होत्या, त्या विद्यापीठाच्याही मुली आल्या. आताच्याच नाहीत, शिकून नोकरीला लागलेल्याही. रांगेत उभ्या राहून त्यांनी मैदानावर वाकतात तसं तुमच्या फोटोपुढं वाकून घेतलं. शेखरला ओळखू येईनात, त्यानं मला विचारलं या कोण. मी म्हटलं, या लाडू खाल्लेल्या.

कामावर परत गेले. कंपनीचा करार पुन्हा करायची वेळ आलीच होती. हाराडा-सानांनी आधी रीतसर दुःख व्यक्त केलं, मनापासून केलं. माणूस वाईट नाही तो. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘जुना प्रस्ताव काढायला हरकत नाही. आता बहुधा सोपं जाईल.’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, भाऊजी. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून जास्तच. तुमच्या जागी तुमच्याच प्रयोगशाळेतला एक तरुण व्याख्याता प्रमुख झालाय, भला पोरगा आहे, हात वर करणाऱ्यांतला नाही. मी नुसता कागद पुढं सरकवला असता तरी दार लागलं असतं. आणि नोकरी माझी, काम माझं. तुमच्यासाठी म्हणून मी ते अडवणार, असं मला स्वतःलाही मान्य नव्हतं. मी दोन दिवस तो कागद तसाच ठेवून बसले. जुने सामने काढून पाहिले. तेव्हा ध्यानात आलं की आमच्याकडच्या सगळ्या हंगामात श्वास रोखून बघावेत असे सामने फारसे नाहीत. ज्यात खरोखर काही पणाला लागतं तो तर आम्ही कधी दाखवलाच नाही.

मग मी पुन्हा एकेकाच्या खोलीत गेले, चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले. या वेळी सर्वांत आधी तुमच्या खोलीत गेले. तो व्याख्याता तुमच्या खुर्चीवर बसत नाही अजून, शेजारी स्टूल घेऊन बसतो. मी म्हटलं, इरेकाएसेन राहू दे, उलट ती आम्ही थेट दाखवतो. हाराडा-सानांना पटायला वेळ लागला, माझ्याशी चार दिवस ते जेवढ्यास तेवढं बोलत होते, पण पटलं. बैठकीत अध्यक्षांनी तेच वाक्य म्हटलं. सगळ्यांनी कागदांकडे पाहिलं. हात कुणाचाच वर गेला नाही, आणि तरी मी एक क्षण तुमच्या जागेकडे बघून घेतलं.

तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. मोठी लीग व्हायला हवी, यावर मी अजून ठाम आहे. आणि तेव्हा तुम्ही रुसला होतात की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. खरं सांगू? थोडे रुसला असाल तर मला आवडेल. एवढ्या चांगल्या माणसाच्या पुढं फार अवघडल्यासारखं होतं.

परवा इरेकाएसेन झाली. तुमच्या पोरी खालच्या गटात पहिल्या आल्या होत्या. मिझुकी आता कर्णधार, आणि शेवटच्या वर्षाला. हरली तर तिला पुन्हा संधी नाही. मी आदल्या दिवशी तुमचे शेंगदाणे भाजले, सालं काढली, कुटले, गूळ घालून लाडू वळले. घरभर तुमच्या स्वयंपाकघराचा वास झाला. ईरानं क्षणभर विसरून, नाक वर करून जपानीत विचारलं, काका आलेत का?

कॅमेरे आमचे चांगले होते. गवत गवताच्या जागी, चेंडू चौकटीत. तिकडं आजी बघत होती. मी गोलमागे तुमच्या जागेवर उभी राहिले. पोरी आधी मागे पडल्या, मग पेनल्टी कॉर्नरवर मिझुकीनंच गोल केला, आणि मी उडी मारली. शेवटपर्यंत तिथंच अडलं. बरोबरी. बरोबरी झाली तर वरचा वर राहतो आणि खालचा खाली, असा नियम आहे.

पोरी रांगेत उभ्या राहिल्या, समोरच्यांना वाकल्या, पंचांना वाकल्या, मैदानाला वाकल्या. मी डबा घेऊन कडेला उभी. जिंकलो तर आपल्यांना, हरलो तर समोरच्यांना. हरल्या तर नव्हत्या. वरही गेल्या नव्हत्या. बरोबरीचं काय करायचं ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत, आणि विचारायला तुम्ही नाही. तिथं, भर दुपारी, माझं अवसान गळालं. इतके दिवस आलं नव्हतं ते रडू आलं.

मिझुकी धावत आली. तिचे डोळे माझ्यापेक्षा लाल. मी तिला म्हटलं, सेन्सेईंनी बरोबरीचा नियम सांगितलेला नाही. तिनं बाहीला नाक पुसलं, थोडा विचार केला आणि समोरच्या कर्णधार मुलीला हाक मारली. मधल्या रेघेवर डबा ठेवला. दोन्ही संघ त्याभोवती गवतात बसले, कुणी रडत, कुणी हसत, आणि सगळ्याजणी खात. मिझुकीनं एक लाडू तसाच ठेवला आणि डबा माझ्याकडे आणून दिला. म्हणाली, हा सेन्सेईंचा.

तो मी खाल्ला. कोरडा झाला होता, भाऊजी, आणि गोडही कमी. तुमची ती काळी साखरच घालायला हवी होती.